वास येतोय का?

डोळे मिटा. आता उघडा.

तुमचं वय ११ वर्षं आहे. अंगात पिठाच्या गोणीच्या फुलाफुलांच्या कापडातून आईनं शिवलेले कपडे आहेत आणि पायाखाली तांबडी, चिकट माती. साल १९३७, मार्च महिना, गुरुवार. गावाचं नाव न्यू लंडन. नाव ऐकून धुकं आणि घड्याळाचा मनोरा शोधू नका, कारण हा अमेरिकेतला पूर्व टेक्सस आहे. इथं पाइनची झाडं आहेत, आणि त्या झाडांच्याही वर डोकं काढून उभे असलेले तेलविहिरींचे मनोरे. नजर जाईल तिथपर्यंत मनोरेच मनोरे.

आधी कानांना सवय होऊ द्या. पंप दिवसरात्र धडधडतात. इथली माणसं त्या धडधडीतच जेवतात, भांडतात, झोपतात. एखादा पंप बंद पडला तर मात्र दचकून जागी होतात. मग नाक. कच्च्या तेलाचा जड, तेलकट वास केसांत, उशीत, पावात मुरलेला आहे. त्यात पाइनच्या डिंकाचा वास, ट्रकच्या धुराचा, विहिरीवरून परतलेल्या वडिलांच्या सदऱ्याचा. देशभर मंदी आहे, पण या पट्ट्यात बापांच्या हाताला काम आहे. म्हणून त्या वासाबद्दल कुणाची तक्रार नाही.

रात्री इथं पुरता अंधार पडतच नाही. तेलाबरोबर जमिनीतून वायू वर येतो. त्यातून पेट्रोलसारखं जे काही काढता येईल ते कंपन्या काढून घेतात. जो उरतो त्याला गिऱ्हाईक नाही, म्हणून तो नळीच्या तोंडाशी पेटवून दिला जातो. गावाच्या चारी बाजूंना या ज्वाळा भडभडत असतात. त्यांच्या उजेडात तुम्ही रात्री अंगणात गोट्या खेळता आणि आईनं तीन हाका मारल्याशिवाय आत येत नाही.

आता शाळेकडे चला. गावाच्या मानानं ती फारच मोठी आहे. पोलाद आणि काँक्रीटची, काही वर्षांपूर्वी जवळपास १० लाख डॉलर खर्चून बांधलेली. शाळेच्या आवारातसुद्धा तेलविहिरी आहेत, त्यामुळे पैशाला तोटा नाही. फुटबॉलच्या मैदानावर विजेचे दिवे आहेत. आसपासच्या गावांची पोरं ते बघायला येतात. इमारत उतारावर उभी आहे. त्यामुळे जमीन आणि वर्गांची फरशी यांच्यामध्ये एक लांबलचक बंदिस्त पोकळी राहिली आहे. तिथं पाइप आहेत आणि अंधार आहे. तुम्ही कधी तिथं डोकावला नाहीत. डोकावायचं कारणही नाही.

आत या. दुपारचे तीन वाजायला आलेत. खडूची धूळ, घामट सदरे, डब्यात उरलेलं सँडविच, पेन्सिलीला टोक काढल्यावर पडलेला लाकडाचा भुसा. वर्गात चुळबुळ आहे. उद्या शेजारच्या हेंडरसन गावात आंतरशालेय स्पर्धा आहेत, म्हणून शुक्रवारचे वर्ग रद्द झाले आहेत. पहिली ते चौथीची पोरं मघाशीच सुटली. शंभरेक फुटांवरच्या व्यायामशाळेत पालकांची सभा भरली आहे आणि तुमची आई तिथं आहे. वरच्या वर्गांची ५००च्या आसपास मुलं आणि ४० शिक्षक अजून मुख्य इमारतीत आहेत, आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे आहे. साडेतीनला शाळा सुटणार.

डोकं दुखतंय ना? कपाळाच्या मधोमध ठणकतंय? तुमच्या शेजारच्या मुलीचंही दुखतंय. तिच्या मागच्या मुलाचंही. गेले काही दिवस हे असंच चाललंय. कुणी म्हणतं, चष्मा लागला असेल. कुणी म्हणतं, वर्ग कोंदट आहे, खिडकी उघडा. तुमचं शरीर काहीतरी सांगू पाहतंय, पण त्याचा अर्थ लावणारं कुणी नाही.

अर्थ पायाखाली आहे. या इमारतीला एक मोठा बॉयलर बसवण्याऐवजी जागोजागी मिळून ७२ गॅसचे हीटर बसवलेले आहेत. गॅस आधी रीतसर विकत घेतला जाई. या वर्षाच्या सुरुवातीला शाळेच्या कारभाऱ्यांनी तो करार बंद केला आणि जवळून जाणाऱ्या उरलेल्या वायूच्या नळीलाच शाळेची नळी जोडून घेतली. तोच वायू, जो रात्री फुकट जाळला जातो. महिन्याचे अडीचशे-तीनशे डॉलर वाचले. यात त्यांना वावगं वाटलं नाही, कारण गावातली कितीतरी घरं, चर्चसुद्धा हेच करत होती आणि कंपन्या तिकडे काणाडोळा करत होत्या. फुकट जळून जाणारी वस्तू पोरांच्या उबेसाठी वापरली तर बिघडलं कुठं? मला त्या कारभाऱ्यांचा राग येत नाही. त्यांच्यातल्या काहींची स्वतःची पोरं याच इमारतीत बसली होती.

पण या वायूला रंग नाही आणि वासही नाही. कुठलासा सांधा गळतोय आणि वायू त्या बंदिस्त पोकळीत साठत चाललाय. हवेत त्याचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो पेटत नाही, १५ टक्क्यांपेक्षा जास्त झालं तरी नाही. मधल्या पट्ट्यात मात्र एक ठिणगी पुरते. तो हवेपेक्षा हलका आहे, म्हणून फटीफटींतून वर येतोय, तुमच्या बाकापर्यंत, तुमच्या नाकापर्यंत. ज्या नाकाला तेल कळतं, पाऊस कळतो, शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळतं, ते नाक इथं आंधळं आहे.

एका वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय, की तेल आणि नैसर्गिक वायू ही या भूमीला मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे आणि ती नसती तर ही शाळाही नसती. तो फळा नंतर ढिगाऱ्यात सापडेल, अक्षरांसकट. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही.

आता उठा. बाईंनी तुमच्या हातात एक चिठ्ठी दिली आहे, व्यायामशाळेत नेऊन द्यायला. मीच ती द्यायला लावली, कारण पुढची काही मिनिटं तुम्ही इमारतीत असू नये. मधल्या वाटेत सुतारकामाच्या वर्गाचं दार लागतं. आत ताज्या लाकडाचा छान वास आहे. शिक्षक विजेवर चालणाऱ्या, लाकूड घासायच्या यंत्राजवळ उभे आहेत. थांबू नका. बाहेर पडा. ऊन मऊ आहे, वाऱ्याची झुळूक आहे, मोकळ्या हवेत कपाळाची ठणकही जरा उतरलीय. तीन वाजून सतरा मिनिटं झालीत. शिक्षक बटण दाबतात.

तुम्हाला आवाज आधी पायांतून ऐकू येतो. जमीन उसळते. भिंती बाहेरच्या बाजूला फुगतात, आख्खं छप्पर वर उचललं जातं, क्षणभर उजेडात तरंगतं आणि धाडकन खाली येतं. काँक्रीटचा दोन टनांचा तुकडा उडून एका मोटारीवर पडतो आणि मोटार चपटी होते. मग धूळ. पांढरी, चुनखडीची, दातांत करकरणारी धूळ. कानांत शिट्टी वाजतेय. व्यायामशाळेचं दार उघडून बायका बाहेर धावताहेत. त्यांची तोंडं उघडी दिसतात पण किंकाळ्या तुमच्यापर्यंत जरा उशिरा पोचतात. त्यांच्यात तुमची आई आहे. ती तुमच्या अंगावरून पुढे धावत जाते, कारण तिच्या हिशेबात तुम्ही अजून आत आहात.

पंप थांबले आहेत. विहिरींवरचे कामगार हातातलं टाकून ट्रकांतून आले आहेत, कापायच्या बत्त्या, साखळ्या, क्रेन घेऊन. जड लोखंड उचलणं हेच त्यांचं रोजचं काम आहे. आज ते उचलताना त्यांचे हात थरथरतात, कारण खाली त्यांचीच मुलं आहेत. पीच फळं भरायच्या टोपल्या कुठून तरी आल्या आणि त्या हातोहात फिरताहेत, विटा, माती, वह्या भरभरून. अंधार पडल्यावर पाऊस आला. प्रखर दिव्यांच्या उजेडात, लाल चिखलात रात्रभर माणसं उपसत राहिली. शेजारच्या टायलर शहरात एक नवं रुग्णालय दुसऱ्या दिवशी समारंभानं उघडायचं होतं. त्याची दारं त्याच संध्याकाळी उघडली. सकाळपर्यंत ढिगारा मोकळा झाला. जवळपास ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. आया कपड्यांवरून ओळख पटवत फिरल्या. तुमच्या अंगावरच्या त्या फुलाफुलांच्या कापडाला अशीही एक किंमत होती.

जरा श्वास घ्या. तुम्हाला काही क्षण तुमच्याच घरी आणून सोडतो, मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात, जिथं असाल तिथं. स्वयंपाकघरात जा. गॅसचं बटण चुकून थोडं उघडं राहिलं, तर काय होतं? हॉलमध्ये पेपर वाचणारे सासरे तिथूनच ओरडतात, "अगं, गॅसचा वास येतोय का?" आणि सगळं घर धावतं. खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, रेग्युलेटर बंद करा. हे वाक्य प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी उच्चारलं गेलंय. पण गॅसला वास नसतोच. तो घातलेला असतो. कुजक्या कांद्या-लसणासारखी ती घाण येते मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त रसायनाची. आपल्या नाकाला ते अब्जांशात असलं तरी कळतं. न्यू लंडनच्या त्या दुपारनंतर काही आठवड्यांतच टेक्ससनं कायदा केला की गॅसला वास दिलाच पाहिजे, आणि ही रीत पुढे जगभर पसरली. तुमच्या सिलिंडरमध्ये, पाइपनं घरात येणाऱ्या गॅसमध्ये जो दर्प आहे, तो असा आला. त्या नाकांना जे कळलं नाही, ते आपल्या नाकांना कळावं म्हणून.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण ती कामाची आहे. पाइपमधला नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. सिलिंडरमधला एलपीजी जड, तो फरशीवर पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात साठतो. त्यामुळे सिलिंडर गळत असेल तर वास वाकून घ्यायचा.

गॅसचा धोका यानं संपला नाही. पण निदान तो आता येताना आवाज देतो. दुसरी एक ऊर्जा अशी आहे की तिच्यात कुठलंच मर्कॅप्टन मिसळता येत नाही. तिकडे जायचंय. डोळे मिटा.

या वेळी तुमचं वय २६ आहे. आश्चर्य वाटायला नको, या गावाचंच सरासरी वय तेवढं आहे. प्रिप्यात, सोव्हिएत युक्रेन, १९८६चा एप्रिल, शनिवारची सकाळ. खिडकी उघडा. हवा उबदार आहे, यंदाच्या पहिल्या खऱ्या उन्हाची. खाली फुलझाडांचे वाफे, गुलाबांच्या रांगा, आणि बाबागाड्या. इतक्या बाबागाड्या तुम्ही एका रस्त्यावर कधी पाहिल्या नसतील. शहरच मुळी १९७० साली वसवलेलं. लोकसंख्या ४९ हजारांच्या आसपास, आणि जो तो कुठल्या ना कुठल्या नात्यानं तीन किलोमीटरवरच्या चेर्नोबिल अणुवीज केंद्राशी बांधलेला. दुकानांत इथं माल मिळतो, मोठ्या शहरांत रांगा लावून मिळणार नाही असा. नदीवर पोहायला वाळूचा काठ आहे. करमणुकीच्या बागेत पिवळ्या पाळण्यांचा मोठा चक्री पाळणा उभा राहिलाय. १ मेला तो सुरू होणार म्हणून पोरांनी घर डोक्यावर घेतलंय. हे गाव त्या केंद्रातल्या अणुभट्ट्यांनी उभं केलं. न्यू लंडनची शाळा जशी तेलानं.

रात्री काहीतरी झालं, असं जिन्यात कुजबुजत आहेत. आग लागली होती म्हणे. शेजाऱ्यानं बाल्कनीतून पाहिलं, केंद्रावर लालसर चकाकी होती, सुंदर दिसत होती. त्यानं बायकोलाही उठवून दाखवली.

तुम्हाला सांगतो काय झालं ते, कारण गावात आज कुणी सांगणार नाही. चौथ्या भट्टीत एक चाचणी चालू होती. बाहेरची वीज गेली तर फिरत्या टर्बाइनच्या उरल्यासुरल्या वेगावर पंप किती वेळ चालतील, एवढंच पाहायचं होतं. म्हणजे चाचणीही सुरक्षेचीच. भट्टीची शक्ती नको इतकी खाली घसरली, ती वर खेचायला भट्टीला लगाम घालणारे नियंत्रक दांडे जवळजवळ सगळे बाहेर काढले गेले, भट्टी डळमळीत झाली. रात्री १ वाजून २३ मिनिटांनी सगळे दांडे एकदम आत सोडायचं बटण दाबलं, आणि त्या दांड्यांच्या टोकाला असलेल्या ग्रॅफाइटनं भट्टीतली साखळी प्रक्रिया थांबवण्याऐवजी पहिल्या काही क्षणांत ती भडकवली. हा दोष आराखड्यातलाच होता. बटण दाबणाऱ्याला तो कुणी नीट समजावून सांगितला नव्हता. छप्पर उडालं. भट्टीचं पोट उघडं पडलं. अग्निशामक काही मिनिटांत पोचले, साध्या गणवेशात, आणि छपरावर विखुरलेले काळे तुकडे पायानं बाजूला सारत त्यांनी पाणी मारलं. तासाभरात त्यांना उलट्या सुरू झाल्या. दोन कामगार त्याच रात्री गेले, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत अग्निशामक आणि कर्मचारी मिळून आणखी २८.

आणि तुम्ही? तुम्ही पोराला शाळेत सोडायला निघालात. सोव्हिएत देशात शनिवारी शाळा असते.

रस्त्यावर पाण्याच्या टँकरगाड्या फिरताहेत. फेसाळ पाण्यानं रस्ते धुवून काढताहेत. फेस नाल्यांतून वाहतोय, आणि मुलं त्यात उड्या मारताहेत. साबणाचा स्वच्छ, गोड वास येतोय. चौकात एक पोलीस उभा आहे, नाकातोंडावर पांढरी पट्टी बांधून. त्याच्या शेजारून एक म्हातारी बटाट्यांची पिशवी घेऊन जाते, तिच्या तोंडावर काहीच नाही. दुपारी एका हॉलमध्ये लग्न लागलंय. अकॉर्डियन, टाळ्या, शॅम्पेनचं बूच उडाल्याचा आवाज. कुणी गच्चीवर पथारी टाकून ऊन खातंय. वाळूच्या खड्ड्यात पोरं किल्ले बांधताहेत. फोन लावून पाहा. बाहेरगावची लाइन लागत नाही.

घसा खवखवतोय? जिभेवर धातूची चव आहे? हे तुमचं डोकेदुखीचं दुखणं आहे, दुसऱ्या रूपातलं. शरीर पुन्हा काहीतरी सांगतंय. पण तुम्ही नाक कितीही फेंदारलंत तरी तुम्हाला लिलाकची फुलं, ओलं डांबर आणि साबण एवढंच मिळेल. किरणोत्सर्गाला वास देता येत नाही. त्याचं नाक म्हणजे मोजयंत्र, आणि ते ज्याच्या हातात असतं त्यालाच फक्त कळतं.

आता माझा जीव जिथं सर्वांत जास्त कळवळतो, ती गोष्ट. केंद्रात त्या रात्री जी छोटी मोजयंत्रं हाताशी होती, त्यांचा काटा तासाला ३.६ रॉन्टजेनच्या पुढे जाऊच शकत नव्हता. त्याहून मोठं मोजणाऱ्या यंत्रांपैकी एक ढिगाऱ्यापलीकडे अडकलेलं, दुसरं चालू करताच बंद पडलेलं. म्हणून वर कळवला गेला तो आकडा ३.६. फुटलेल्या भट्टीजवळचा खरा आकडा हजारोंच्या घरात होता. यंत्रानं खोटं सांगितलं नाही. त्यानं आपली मर्यादा सांगितली, आणि ऐकणाऱ्यांना ती सोयीची वाटली. दिवस उजाडल्यावर चांगली यंत्रं आली, खरे आकडे आले, काही खोल्यांमध्ये काही माणसांना सगळं कळलं. तुमच्या खिडकीखाली मुलं तरीही फेसात खेळत राहिली. टेक्ससमध्ये कुणालाच कळलं नव्हतं. इथं कळलेल्यांनी दीड दिवस सांगितलं नाही. माझ्या मते अणुविजेचा सर्वांत मोठा धोका भट्टीच्या भिंतीत नाही, तो या दीड दिवसात आहे.

हे वाचणारे कुणी बोईसर-तारापूरकडचे असतील. तिथं १९६९पासून अणुवीज तयार होते. त्या भट्ट्या वेगळ्या जातीच्या आहेत, चेर्नोबिलसारखा ग्रॅफाइटचा ढिगारा त्यांच्या पोटात नाही. तरीही कुठल्याही अणुकेंद्राच्या पंचक्रोशीत हवेचं मोजमाप बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, मासळी विकणाऱ्या बाईला सहज वाचता येईल असं असायला हवं. आपलं नाक चालत नाही तिथं दुसऱ्याच्या नाकावर विसंबावं लागतं, आणि मग ते नाक चारचौघांसमोर असलं पाहिजे.

परत प्रिप्यातला. रविवार, दुपारचा एक. स्वयंपाकघराच्या भिंतीवर रेडिओचा डबा आहे, तो खरखरतो आणि एका बाईचा शांत, सपाट आवाज येतो. केंद्रातल्या अपघातामुळे किरणोत्सर्गाची परिस्थिती बिघडते आहे. दोन वाजल्यापासून प्रत्येक इमारतीपाशी बस येतील. कागदपत्रं घ्या, अगदी गरजेच्या वस्तू घ्या, थोडं खायचं घ्या. तात्पुरतं जायचंय. जाताना खिडक्या लावा, नळ बंद करा, विजेची आणि गॅसची उपकरणं बंद करा. तुमचा हात आपोआप बटणांकडे जातो. या क्षणीसुद्धा माणसाला आधी ओळखीचा धोका आठवतो.

काय घ्याल? गावात कुणीतरी म्हणालं, तीन दिवसांचा प्रश्न आहे. तीन दिवसांचं सामान म्हणजे किती? पोराचा एक स्वेटर, दुधाची बाटली, पाव, सॉसेज, पासपोर्ट, लग्नाचा फोटो घ्यावा की नको. नको, तीनच दिवस. मांजर स्वयंपाकघरात राहील, तिच्यासमोर बशी भरून ठेवा. कुलूप लावा. किल्ली खिशात.

खाली गर्दी आहे, पण आरडाओरडा नाही. जवळपास १,२०० बस आल्या आहेत. कालच आल्या होत्या, गावाबाहेर रात्रभर उभ्या होत्या. चालक दमलेले, डोळे लाल. डिझेलचा धूर इतका दाट की घशात अडकतो; दोन दिवसांत आज पहिल्यांदा नाकाला काहीतरी वाईट कळलंय आणि तेही बसचंच. वर हेलिकॉप्टरचा फडफडाट. ती वाळू, शिसं, बोरॉन घेऊन भट्टीकडे जाताहेत. एक आजी सीटवर बसून टोपलीतली अंडी सांभाळतेय. एक मुलगा विचारतो, पाळणा सुरू व्हायच्या आधी आपण परत येऊ ना? त्याची आई हो म्हणते. तिला तसंच वाटतं.

पोराला आयोडीनची गोळी मिळाली का हे विचारा, जोरात विचारा. शाळेत काहींना दिली, काहींना नाही. भट्टीतून किरणोत्सर्गी आयोडीन बाहेर पडलंय आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी साधं आयोडीन कुठलं आणि हे कुठलं यात भेद करत नाही. साध्या आयोडीननं ती आधीच भरून टाकली तर हे आत घुसायला जागा राहत नाही. गोळी उशिरा घेतली तर उपयोग नाही. आणि पुढचे काही आठवडे त्याला गावातल्या गाईचं दूध देऊ नका, कितीही ताजं, कितीही कोमट, कितीही छान वासाचं असलं तरी. गवतावर पडलेलं ते आयोडीन दुधातच उतरतं. निम्मं व्हायला त्याला ८ दिवस लागतात, म्हणजे थांबणं शक्य होतं. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या त्या भागांत ते दूध पिणाऱ्या मुलांना कुणी वेळेवर थांबवलं नाही. तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,०००हून जास्त रुग्ण नोंदले गेले, आणि त्यातल्या मोठ्या वाट्याचं कारण ते दूध.

बस हलली. रांग इतकी लांब की पुढचं टोक दिसत नाही, मागचंही नाही. पाइनच्या रानातून रस्ता जातो. झाडं अजून हिरवी आहेत, काही दिवसांत तांबूस होऊन मरतील. तास-दोन तासांनी कुठल्यातरी खेड्यात बस थांबते. इथल्या लोकांनी घरांची दारं उघडी ठेवली आहेत. चुलीवर बोर्श्ट उकळतंय, बीटचा आणि बडीशेपसारख्या पाल्याचा वास अंगणभर पसरलाय, आणि तुम्हाला कळतं की सकाळपासून पोटात काही नाही.

पण आधी रांगेत उभं राहायचंय. पांढरा डगला घातलेला एक तरुण, हातात लोखंडी डबा आणि त्याला तारेनं जोडलेली दांडी. तो ती दांडी तुमच्या केसांजवळून नेतो, खांद्यांवरून, पिशवीवरून. डबा टकटकतो, सावकाश, मग भरभर. पायांशी गेल्यावर ती टकटक एकसलग खरखर होते आणि तरुणाचा चेहरा बदलतो. दोन दिवस ज्याला रंग नव्हता, वास नव्हता, ज्याच्यात पोरं उड्या मारत होती, त्याला आता आवाज मिळालाय, आणि तो तुमच्या बुटांतून येतोय. "काढा ते," तरुण म्हणतो. तुमच्या मागच्या बाईचे नवे आहेत, ती कुरकुरते. तो तिलाही तेच सांगतो.

तुम्हाला परत यायचंय, मला ठाऊक आहे. या. बूट मात्र तिथंच त्या ढिगात टाका, पिशवीही. केस दोनदा धुवा, साबण लावून, भरपूर पाण्यानं. नखांच्या आतूनही.